एक्ससी एमटीबीचे डिस्क ब्रेक बदलायचेत? आधी आहे तो ब्रेक नीट लागतोय का ते बघा

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारे साताऱ्याचे आहेत, वजन ८२ किलो, साधी २९ इंची एक्ससी (क्रॉस-कंट्री) माउंटन बाइक, हार्डटेल म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन, पुढे-मागे मेकॅनिकल (केबलने चालणारे) डिस्क ब्रेक आणि १६० एमएमचे रोटर, म्हणजे ब्रेकच्या चकत्या (डिस्क). यवतेश्वरचा घाट आणि अजिंक्यताऱ्याच्या बाजूच्या पायवाटा उतरताना ब्रेक "लागतच नाही", चार बोटांनी दाबून बोटं भरून येतात आणि खाली येईपर्यंत तो अजून ढिला पडतो. दुकानदार म्हणतो चार पिस्टनचे हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने पिस्टन पॅड ढकलतात ते) टाका आणि रोटर २०३ चे करा. बजेट १०-१२ हजार. घेऊ का?

भाऊ, लगेच घेऊ नका. हायड्रॉलिक घ्यायला माझी ना नाही, पण तुम्ही एका दमात तीन वेगळ्या तक्रारी सांगितल्यात आणि तिघींची कारणं वेगळी आहेत. सायकल थांबत नाही ही एक, बोटं दुखतात ही दुसरी, आणि घाटाच्या शेवटी ब्रेक मऊ पडतो ही तिसरी. चार पिस्टन आणि २०३ रोटर हे मुख्यतः तिसऱ्या तक्रारीवरचं औषध आहे, तेही एन्ड्युरो किंवा डाउनहिलच्या, म्हणजे मोठे खडबडीत उतार उतरायच्या, सायकलींसाठी बनवलेलं. माझं पुण्यात सायकल दुरुस्तीचं काम आहे, आणि "ब्रेक बदलून द्या" म्हणून येणाऱ्या मेकॅनिकल डिस्कच्या सायकलींत बऱ्याचदा ब्रेक चांगलाच असतो, फक्त कुणी तो धड अ‍ॅडजस्ट केलेला नसतो.

म्हणून आधी घरी एक काम करा. सायकल उभी करून ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि घरातल्या कुणाला तरी केबलकडे बघायला सांगा. आउटर केबल (केबलवरचं बाहेरचं आवरण) जिथे वळते तिथे ती फुगते किंवा सरळ व्हायला बघते का? तशी हलत असेल तर तुमच्या बोटांचा जोर पॅडपर्यंत (डिस्कवर घासणाऱ्या तुकड्यांपर्यंत) पोचतच नाहीये, वाटेतच आउटर दाबण्यात चाललाय. मग कॅलिपरपाशी, म्हणजे डिस्कला चिमटणाऱ्या भागापाशी या. तुमच्या प्रकारच्या स्वस्त मेकॅनिकल कॅलिपरमध्ये केबल एकाच बाजूचा पॅड ढकलते, दुसऱ्या बाजूचा, म्हणजे स्पोकच्या बाजूचा, जागेवर स्थिर असतो आणि हलणारा पॅड डिस्कला थोडं वाकवून त्या स्थिर पॅडवर नेऊन दाबतो. आता पॅड झिजले की लोक काय करतात, लिव्हरपाशी जो बॅरल अ‍ॅडजस्टर असतो तो फिरवून केबल ताणून घेतात. लिव्हर टाइट लागतो, माणूस खूश. पण झालं काय, की कॅलिपरचा आर्म (केबल ओढते ती दांडी) सुरुवातीलाच अर्धा ओढलेला राहिला आणि खरा जोर द्यायची वेळ येईपर्यंत त्याचा प्रवास संपत आला. खरी पद्धत अशी आहे की केबल थोडी सैल करून आर्म पूर्ण मागे जाऊ द्यायचा, मग स्पोकच्या बाजूचा पॅड अ‍ॅलन कीने आत फिरवून डिस्कपासून अगदी केसभर अंतरावर आणायचा, आणि त्यानंतरच केबल आवळायची. बॅरल अ‍ॅडजस्टर फक्त शेवटच्या बारीकसारीक फरकासाठी. हे एवढं करून ब्रेक निम्म्याने सुधारलेला मी कित्येकदा बघितलाय, आणि याला खर्च शून्य.

तिथेच पॅड काढून हातात घ्या. धातूच्या पट्टीवर जो घासणारा थर असतो तो ०.५ मिलीमीटरच्या आसपास आला असेल तर पॅड संपले, वाद नाही. थर जाड आहे पण वरून काचेसारखा चकाकतोय आणि नख घासलं की सरकतं, तर तो तापून ग्लेझ झालाय. आणि काळपट, तेलकट दिसत असेल तर त्यावर चेनचं तेल गेलंय. आपल्याकडे हे फारच कॉमन आहे. सायकल धुतली की चकाचक दिसावी म्हणून सिलिकॉन स्प्रे मारतात, तो उडतो थेट मागच्या डिस्कवर. कुणी कुणी तर डिस्क चुं-चुं वाजते म्हणून डिस्कलाच तेल लावतात (हसू नका, लावतात). ग्लेझ झालेला पॅड बारीक पॉलिश पेपरवर घासून परत चालू शकतो, तेल मुरलेला पॅड मात्र टाकूनच द्या, गॅसवर जाळायचे वगैरे उद्योग करू नका. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कापडावर पुसायचा आणि नंतर त्याला बोट लावायचं नाही.

आता बोटं दुखण्याचं. तुम्ही चार बोटांनी ब्रेक दाबता असं लिहिलंय, म्हणजे लिव्हर ग्रिपच्या अगदी जवळ बसवलेला असणार. लिव्हरचा क्लॅम्प सैल करून तो आत, हँडलच्या मधल्या बाजूला सरकवा, इतका की एक किंवा दोन बोटं लिव्हरच्या टोकाच्या वाकड्या भागावर येतील. टोकापाशी दाबलं की लिव्हरेज जास्त मिळतं आणि उरलेली बोटं हँडल धरायला मोकळी राहतात. शिफ्टर वेगळा असेल तर त्याची जागाही बदलावी लागेल, पाच मिनिटांचं काम आहे.

अजून एक गोष्ट विचारतो, राग मानू नका. उताराला तुम्ही पुढचा ब्रेक वापरता का? आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणीच सांगितलेलं असतं की पुढचा ब्रेक दाबला की तोंडावर आपटशील, त्यामुळे माणूस पूर्ण घाट मागच्या ब्रेकवर उतरतो. उतारावर ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं चाक हलकं होतं आणि हलक्या चाकाचा टायर पकडतच नाही, तो घसरतो. तुम्ही मागे कितीही भारी ब्रेक लावला तरी तो फक्त चाक लवकर लॉक करेल. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. शेवटी सायकल थांबते ती टायर आणि जमीन यांच्यामधल्या पकडीवर, आणि मुरमाच्या सैल पायवाटेवर ती पकड आधीच थोडी असते. एक्ससी सायकलचे टायर पातळ, नॉब्ज बुटके, म्हणून चार पिस्टनची ताकद वापरायला तिथे जागाच कुठाय? अंग मागे आणि खाली न्या, हात थोडे वाकवा, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबा, झटका देऊ नका. मोकळ्या मैदानात आधी सराव करा.

आता तुमची तिसरी तक्रार, खाली येईपर्यंत ब्रेक मऊ पडतो ती. ही मात्र खरी उष्णतेची आहे आणि इथे थोडा हिशोब करूया. तुम्ही, सायकल, पाणी, बॅग धरून १०० किलो समजा. १०० मीटर उंची उतरलात की साधारण १ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. १६० चा स्टीलचा रोटर असतो जेमतेम सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. त्याला १ अंश तापायला सुमारे ६० ज्यूल लागतात. म्हणजे वारा, टायरचं घर्षण काहीच नसतं आणि ती सगळी ऊर्जा दोन रोटरमध्ये निम्मी-निम्मी कोंडली गेली असती, तर दर १०० मीटरला रोटर ८०० अंशांनी तापले असते, लोखंड लाल दिसायला लागतं ते याच सुमाराला. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता घेऊन जातो म्हणून तसं होत नाही. आमच्या सिंहगडाच्या डांबरी रस्त्याने खाली येताना सुमारे ६०० मीटरचा उतार आहे, त्यावर सतत ब्रेक धरून आलेल्या सायकलीच्या रोटरला चुकून पोटरी लागली तर कातडी जाते, हे तिथल्या पार्किंगमध्ये बघायला मिळतं.

यात ब्रेकपेक्षा सवय जास्त कामाला येते. सगळा घाट ब्रेक हलका धरून ठेवला की पॅड कधीच थंड होत नाहीत. सरळ पट्ट्यात, जिथे लांबचं दिसतंय आणि रस्ता मोकळा आहे, तिथे सायकल जरा सोडा, वेग वाढला की वाराच अर्धं काम करतो, आणि वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग उतरवा, मग परत सोडा. पावसात, धुक्यात किंवा ट्रॅफिकमध्ये हे जमेल तेवढंच, हे तुमच्या अंदाजावर. तुमच्याकडे केबल असल्यामुळे एक बरं आहे की तापून उकळायला त्यात ऑइलच नाही. तुमचा ब्रेक मऊ पडतो तो पॅडमुळे, बहुतेक तो स्वस्तातला रेझिन पॅड आहे.

पॅडमध्ये ढोबळ दोन जाती. रेझिन म्हणजे ऑरगॅनिक, शांत चालतात, थंड असताना लगेच पकडतात, पण तापले की मऊ पडतात आणि पावसाळ्यातल्या चिखलात खडूसारखे झिजतात. सिंटर्ड म्हणजे मेटल, ते उष्णता आणि चिखल दोन्ही झेलतात, जास्त टिकतात, फक्त आवाज करतात. मग सगळ्यांनी मेटलच का नाही टाकायचे? कारण रोटर. तुमच्या रोटरवर कोरलेली बारीक इंग्रजी अक्षरं वाचा, 'रेझिन पॅड ओन्ली' असं असेल तर त्याचं स्टील मऊ आहे, मेटल पॅड त्याला खाऊन टाकतील. शिमानोचे आरटी२६, आरटी५४, आरटी५६ हे असे रेझिनवाले, आणि आरटी६६ किंवा आरटी६४ हे मेटल पॅड चालणारे (६६ हबला सहा बोल्टने बसणारा, ६४ सेंटरलॉक, म्हणजे मधल्या एका रिंगने बसणारा). जुना रोटर मोजूनही घ्या, शिमानोचा नवा १.८ मिमी असतो आणि १.५ ला बदलायचा. रोटर झिजलेला असताना नवीन पॅड टाकून फारसं काही होत नाही.

आता अपग्रेडकडे येऊ, कारण वरचं सगळं करूनही तुम्हाला घाट आणि ट्रेल दोन्ही नियमित करायचं असेल तर हायड्रॉलिक घेणं मला पटतं. केबलचं घर्षण गेलं, पॅड झिजले की पिस्टन आपोआप पुढे येतात, एका बोटात ब्रेक लागतो. पावसाळ्यात चिखल केबलमध्ये जाऊन अडकायचा प्रश्न संपला. तुमच्या वापराला दोन पिस्टनचा ब्रेक भरपूर झाला. शिमानोचा एमटी२०० हा सगळ्यात साधा, बजेटमध्ये आरामात बसतो आणि मेकॅनिकलवरून आलेल्या माणसाला तोच खूप वाटतो. अजून पैसे घालायचे असतील तर शिमानोच्याच डिओरचा एम६१०० बघा, लिव्हर आखूड आहे आणि त्यात सर्व्हो-वेव्ह आहे, म्हणजे सुरुवातीला पॅड पटकन डिस्कपाशी येतात आणि मग जोर वाढत जातो. टेक्ट्रोचेही चालतात. याच्या वर शिमानोचा महागडा एक्सटी वगैरे घेणं म्हणजे तुमच्या सायकलवर, सरळ सांगतो, पैसे जास्त झाल्याचं लक्षण. त्यापेक्षा टायर बदला.

आणि हायड्रॉलिकसोबत फक्त पुढचा रोटर १८० करा, मागचा १६० च राहू दे. पॅडचा जोर तेवढाच असताना १६० वरून १८० वर गेलं की पकड साधारण साडेबारा टक्के वाढते, कारण जोर मध्यापासून तेवढा लांब लागतो, शिवाय धातू जास्त म्हणून तापायला वेळ लागतो. २०३ ला हाच आकडा २७ टक्क्यांच्या आसपास जातो, ऐकायला छान आहे, पण तो सगळा ताण तुमच्या फोर्कच्या एका पायावर येणार. एन्ट्री लेव्हल फोर्क २०३ साठी बनवलेले नसतात, प्रत्येक फोर्कला कंपनीने कमाल रोटर साइझ ठरवलेली असते, ती तुमच्या मॉडेलची शोधा आणि त्याच्या वर जाऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. पुढचं चाक क्विक रिलीजचं असेल तर आणखी एक: डिस्क ब्रेक लागला की तो ॲक्सल फोर्कच्या खाचेतून खाली ढकलायला बघतो. म्हणून क्विक रिलीजचा खटका बंद करताना तळहातावर त्याचा ठसा उमटेल इतका घट्ट हवा, आणि प्रत्येक राइडच्या आधी तपासायचा.

खरेदी करताना माणसं कुठे फसतात ते सांगतो, कारण ब्रेकपेक्षा हीच डोकेदुखी जास्त असते. सगळ्यात पहिली म्हणजे तुमचा शिफ्टर. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना शिमानोचा ईएफ५०० सारखा कॉम्बो येतो, त्यात गिअर शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर एकच तुकडा असतो. हायड्रॉलिक लिव्हर बसवायचा तर हा कॉम्बो काढावा लागतो, मग शिफ्टर वेगळे घ्यावे लागतात, तुमच्या गिअरच्या संख्येला जुळणारे. नाहीतर ईएफ५०५ सारखा हायड्रॉलिक कॉम्बो. हा खर्च कुणी आधी सांगत नाही, सेट घरी आल्यावर कळतं.

मग येतं डावं-उजवं. आपल्याकडे मोटरसायकलसारखा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असलेली सायकल सर्रास असते, पण ऑनलाइन मिळणारे बरेच सेट डावा पुढे आणि उजवा मागे अशा हिशोबाने होज (ऑइलची नळी) लावून, ऑइल भरून येतात. उलटा सेट आला तर होज सोडून बदलायचे, परत ब्लीड करायचं (आतली हवा काढून ऑइल भरायचं), म्हणजे काम वाढलं. ऑर्डर करण्याआधी स्पष्ट विचारा. बरोबर बाजूचा सेट मिळाला आणि होज थोडा लांब आहे एवढंच असेल तर न कापता नीट वळवून बांधून टाका, फार लांब असेल तरच कापा, कारण कापलं की नवीन ऑलिव्ह आणि इन्सर्ट (नळीच्या टोकाला बसणारे छोटे जोड) लागतात.

माउंटही बघा. फ्रेम किंवा फोर्कवर कॅलिपर बसतो तिथले दोन बोल्ट चाकाच्या दिशेने सरळ आत जात असतील तर पोस्ट माउंट, आडवे जात असतील तर आयएस. आयएस असेल तर अ‍ॅडॉप्टर लागतोच, आणि पोस्ट माउंटवर १६० चा १८० करायला २० मिमीवाला अ‍ॅडॉप्टर. पुढचा आणि मागचा आयएस अ‍ॅडॉप्टर वेगळा असतो, "चालून जाईल" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. हब सहा बोल्टचा आहे का सेंटरलॉक तेही बघून ठेवा. सहा बोल्टचे स्क्रू टी२५ टॉर्क्सने उघडतात, अ‍ॅलन की घालून खेळलात तर डोकी जातील.

ऑइलबद्दल मात्र हात जोडून सांगतो. शिमानो, टेक्ट्रो आणि मगुरा यांच्यात मिनरल ऑइल जातं. स्रॅमच्या जुन्या बऱ्याच मॉडेल्समध्ये डॉट (मोटरसायकलींत असतं ते ब्रेक फ्लुइड) जातं, आणि त्यांच्याच डीबी८ मध्ये मिनरल. म्हणजे ब्रँड बघून ठरवू नका, लिव्हरच्या टाकीवर काय लिहिलंय ते वाचा. ब्लीड करायला सायकल जवळच्या टू-व्हीलर गॅरेजमध्ये नेली आणि त्याने सवयीने डॉटची बाटली ओतली, हा प्रकार मी पुन्हा पुन्हा बघतो. आतले रबरी सील फुगतात, पिस्टन अडकतो, लिव्हर परत येत नाही, आणि मग साफ करून भागत नाही, कॅलिपर आणि लिव्हर दोन्ही फेकावे लागतात. डॉट रंगावर सांडलं तर रंगही उतरवतं.

बसवल्यावर कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल ठेवून लिव्हर दाबून धरायचा, कॅलिपर आपोआप डिस्कच्या मध्यावर येतो, तसाच धरून बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटरला आवळायचे. तरी घासत असेल तर कॅलिपरच्या फटीतून उजेडाकडे बघा, कुठल्या बाजूला फट दिसत नाही ते कळतं. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येऊन बसतात आणि मग डिस्क आत जात नाही. त्यासाठी सोबत आलेला प्लास्टिकचा स्पेसर जपून ठेवा.

नवीन पॅड आणि रोटर घेऊन थेट घाटावर जाऊ नका. सपाट, रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेग घ्या आणि ब्रेक लावून चालण्याच्या वेगापर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, चाक लॉक करू नका, असं वीसेक वेळा. मग जरा जास्त वेगावरून दहाएक वेळा. पॅडचा थर रोटरवर सारखा बसतो आणि ब्रेक खरा लागायला लागतो. पहिल्या फेरीला "हे तर जुन्यापेक्षाही वाईट" असं वाटणार, ते अपेक्षित आहे.

पैशांचा क्रम माझ्या मते असा: आधी अ‍ॅडजस्टमेंट, पॅड, नवीन केबल आणि शक्य असेल तर कंप्रेशनलेस (दाबाखाली न दबणारं) आउटर, यावर दोन-तीन राइड करून बघा. सुट्टीच्या दिवशी थोडं टेकडीवर फिरणं एवढंच असेल तर बहुतेक इथेच काम भागेल. तेवढ्याने समाधान नाही झालं तर दोन पिस्टनचा हायड्रॉलिक सेट आणि पुढे १८०. चार पिस्टन एक्ससीला घ्यावा अशी माणसं आहेत, वजन शंभरीच्या वर, किंवा पाठीवर सामान घेऊन रोज लांब घाट उतरणारी, त्यांच्यासाठी माझं उत्तर वेगळं असतं. तुमच्या ८२ किलोला गरज नाही.

एवढं करून झालं की तीन फोटो टाका: लिव्हर आणि शिफ्टरचा वरून, पुढचा कॅलिपर फोर्कला जिथे बसलाय तिथला, आणि रोटरवरच्या अक्षरांचा जवळून. फोर्कचं मॉडेल पायाच्या मागच्या बाजूला स्टिकरवर असतं, तेही लिहा. मग कुठला अ‍ॅडॉप्टर आणि कुठल्या बाजूचा सेट मागवायचा ते नेमकं सांगता येईल.